शहर दाखवतं कोण, पाहतं कोण?



हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की वाटेत कनेरगाव नाका लागतो. मागं मराठवाडा, पुढं वऱ्हाड. इथल्या आणि आसपासच्या बचत गटांतल्या अकरा जणी गेल्या हिवाळ्यात एका बैठकीसाठी मुंबईला आल्या होत्या. बैठक संपल्यावर एक दिवस हाताशी होता. कुणी म्हणालं, समुद्र बघू. कुणी म्हणालं, राणीची बाग. शेवटी आमच्यातल्या एकीने सुचवलं की फोर्ट भागात गाइडबरोबर पायी फिरून इमारतींचा इतिहास सांगतात, तिथं जाऊ. गेलो.

गाइड तरुण होता, अभ्यासू होता, आमच्यासाठी मराठीतून बोलत होता. दगड कुठला, कमानी कुठल्या शैलीतल्या, नकाशा कुणी काढला, पैसा कुणी दिला, सगळं त्याने मन लावून सांगितलं. बायकांनीही मन लावून ऐकलं. संध्याकाळी चहा पिताना त्यांच्यातल्या वयाने सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, “ताई, बिल्डिंगी लई झ्याक होत्या. पर त्या बांधताना डोक्यावर पाट्या कोनी वाह्यल्या, ते काई सांगलं नाई त्यानं.”

त्या एका वाक्यावर आमची रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. या अंकाचं संपादकीय त्यातूनच निघालं आहे.

शहर पायी फिरून समजून घेण्याची ही पद्धत आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. मुंबईत १९९५ साली जुन्या वास्तूंच्या जतनाची नियमावली आली, अशी नियमावली करणारं ते देशातलं पहिलं शहर. १९९९ मध्ये दोन स्त्री वास्तुतज्ज्ञांनी मिळून इथे हेरिटेज वॉक सुरू केले. २०२१ मध्ये महापालिकेचं मुख्यालय आणि उच्च न्यायालयाची इमारतही अशा फेऱ्यांसाठी लोकांना खुली झाली. आज इमारतींची फेरी वेगळी, खाण्याची वेगळी, सिनेमाची वेगळी, गिरणगावाची वेगळी. ज्याला जे आवडतं, त्याने ते निवडावं.

याला नाकं मुरडण्याचं आम्हाला कारण दिसत नाही. उलट बायकांच्या दृष्टीने यात एक मोठी गोष्ट आहे. आपल्या आया-आज्या घराबाहेर पडल्या त्या कशासाठी? देवासाठी, लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी, लेकीच्या बाळंतपणासाठी. गावाकडच्या कष्टकरी बाईने शहर पाहिलं ते बांधकामावर नाहीतर दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करताना. हातात पिशवी नाही, कडेवर पोर नाही, कुणाचं काम नाही, आणि बाई रस्त्यावर उभी राहून नुसती मान वर करून बघते आहे, हे चित्र आपल्याला अजून नवं आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल हेच मांडलं होतं. बाईला रस्त्यावर असण्याचं कारण द्यावं लागतं. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क पुरुषाला आपोआप असतो, तिला तो मागावा लागतो. कनेरगाव नाक्याच्या बायकांनी घरी काय सांगितलं होतं? “मीटिंग आहे.” शहर बघायला थांबतो आहोत, असं सांगण्याची एकीचीही हिंमत झाली नव्हती.

म्हणून फिरण्याचा हक्क पहिला. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. आपल्याला काय दाखवलं जातं आणि काय वगळलं जातं, हेही विचारलं पाहिजे.

त्या दिवशी आम्ही उच्च न्यायालयासमोर उभे होतो. ही इमारत १८७८ मध्ये बांधून पूर्ण झाली. गाइडचं बोलून झाल्यावर आमच्यातल्या एका कार्यकर्तीने सगळ्यांना थांबवलं आणि रखमाबाईंची हकिगत सांगितली. सुतार समाजातल्या या मुलीचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लावून दिलेलं. मोठी झाल्यावर तिने त्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. वरच्या अपिलात तो टिकला नाही आणि १८८७ मध्ये तिला सांगण्यात आलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत-राजकोटकडे त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

तिथून पायी अर्ध्या तासाच्या आत कामा रुग्णालय येतं. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झालं. रोगी बायका आणि डॉक्टरही बायकाच, हे त्याचं वैशिष्ट्य. तिथल्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना शिकायला इंग्लंडला पाठवण्यासाठी मदत केली. म्हणजे न्यायालयाने जिला तुरुंगाची वाट दाखवली, तिला पुढची वाट या इस्पितळातल्या एका बाईने दाखवली. दोन्ही जागा जवळजवळ आहेत, दोन्ही इमारती उभ्या आहेत. त्यांना जोडणारी गोष्ट मात्र कुणीतरी सांगावी लागते. ती ऐकताना आमच्यातली एक जण रडायला लागली. तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं आहे. तिला कमानीचा दगड पाहून रडू आलं नव्हतं.

गिरणगावाचंही तसंच. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या, बहुतेक जणी रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या काळातल्या आर्थिक लाभाचा कायदा आला. आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्या विधेयकाची बाजू मांडली होती. पुढच्या काही दशकांत बायका गिरणीतून कमी कमी होत गेल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या मात्र राहिल्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सावकाराच्या कर्जातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे आहेत. चिमणी दाखवता येते, तिच्याकडे बोट करता येतं. पण संपाच्या काळात उधारीवर जेवू घालणाऱ्या बाईची चूल कुठं होती, ते दाखवायला ती चूल माहीत असलेलंच माणूस लागतं.

आता यातली अवघड बाजू. काही वाटा इमारतींवरून जात नाहीत, माणसांच्या दारांवरून जातात. धारावीत २००५-०६ पासून पाहुण्यांना फिरवून आणतात. फिरवणारे म्हणतात की धारावी म्हणजे नुसती गरिबी नाही, तिथं चामड्याचं, मातीचं, भंगाराचं केवढं काम चालतं ते लोकांना कळावं. फोटो काढायला बंदी करणारेही त्यांच्यात आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. पण उलट्या टोपल्यांवर पापड वाळत घालणारी बाई बघून झाल्यावर तिला किलोमागे काय मिळतं, हा प्रश्न पाहुण्यांपैकी किती जणांना पडतो? आणि बघून गेलेल्या माणसामुळे तिच्या दरात काय फरक पडतो?

मुंबईत त्या दिवशी कुणीतरी सहज कामाठीपुऱ्याचं नाव काढलं. “जवळच आहे, बघून तरी येऊ.” तेव्हा कनेरगाव नाक्याच्या एका बाईने लगेच विचारलं, “त्या बायांला पुसलं का?” मग तिने स्वतःचा अनुभव सांगितला. त्यांच्या गटाला बघायला अधूनमधून जीप येते. पाहुणे उतरतात, बायकांना ओळीत बसवतात, वहीचे फोटो काढतात, किती हप्ते फेडले विचारतात, चहा पितात आणि जातात. त्या दिवसाचा रोज बुडतो. कोण आले होते, कशासाठी आले होते, फोटो कुठं गेले, हे त्यांना कधीच कळत नाही. “आमी बघायच्या वस्तू झालो, ताई.” सगळ्याजणी गप्प झाल्या. कामाठीपुऱ्याला कुणी गेलं नाही.

आपण कार्यकर्त्यांनीही इथं स्वतःकडे बघायला हवं. अभ्यासदौरा, क्षेत्रभेट अशी नावं देऊन आपणही हेच करत नाही ना? ज्या वस्तीत जायचं, तिथल्या बायकांनी बोलावलं आहे का? वाटाड्या त्यांच्यातलीच आहे का? तिला मानधन मिळतं का? परत कळवण्याची जबाबदारी कुणाची? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर आपली क्षेत्रभेट आणि ती जीप यांत फरक काय?

काही गोष्टी अगदी साध्या आहेत, पण त्यांनीच बायका गळतात. शहरातल्या बऱ्याच फेऱ्या इंग्रजीत असतात. बऱ्याच ठिकाणी माणशी शुल्क आमच्या बायकांच्या खुरपणीच्या दोन दिवसांच्या रोजाहून जास्त होतं. तीन तास चालायचं आणि वाटेत मुतारी नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, याविरुद्ध मुंबईत २०११ मध्ये संस्था-संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, ती याच अनुभवातून. फेरी आखताना मुतारी कुठं आहे हे आधी बघणं, ही आमच्या मते पहिली कसोटी. लेकुरवाळ्या बाईला बसायला जागा आहे का, ही दुसरी.

मग करायचं काय? आमची सूचना अशी की आपली वाट आपण आखावी, आणि ती फक्त मुंबईत नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा कागदपत्रांत बायका सापडेनात. त्या दोघी वस्त्या-वस्त्यांतून, घराघरांतून फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. आपल्यालाही याच रस्त्याने जायचं आहे.

परतीच्या गाडीत कनेरगाव नाक्याच्या बायकांनी त्यांची वाट ठरवायला सुरुवात केली. गावाच्या नावातच नाका आहे, तेव्हा सुरुवात तिथून. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोलीकडची बाजू निजामाच्या राज्यात होती आणि वाशीमची बाजू वऱ्हाडात. निजामाच्या राज्यात जकातीला करोडगिरी म्हणत, आणि मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यांवर सत्याग्रहींनी हल्ले केले. हा इतिहास आपण पुरुषांच्या नावांनी ऐकला आहे. फार तर दगडाबाई शेळक्यांचं नाव कानावर असतं. पण लग्न होऊन सरहद्दीपलीकडे गेलेल्या लेकीला माहेरी कसं येता येत होतं? मीठ, कापड, घासलेट कोण आणत होतं? रझाकारांच्या दिवसांत घरं कुणी राखली? हे सांगू शकणाऱ्या आज्या आता ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या दारावर पहिला थांबा.

पुढचे थांबे असे सुचले: पाणी भरायची जुनी जागा, आणि तिथं कोणाला भरू देत नव्हते. हळद काढायची, शिजवायची जागा, आणि बाईचा रोज किती, पुरुषाचा किती. शाळा, आणि पहिल्यांदा सातवीच्या पुढे गेलेली मुलगी कोण. तलाठ्याचं दप्तर, आणि सातबाऱ्यावर बायकांची नावं किती. शेवटी बसथांबा, आणि संध्याकाळी सातनंतर तिथं किती बायका उभ्या असतात. या वाटेला दोन तास पुरतात, पैसे लागत नाहीत. सांगणारी बाई गावातलीच असते आणि काय सांगायचं नाही हेही तीच ठरवते.

गावची शाळकरी मुलं आणि मुलीही या फेरीला याव्यात, असं त्यांचं म्हणणं आहे. पोरांना आपल्या आजीच्या कष्टाची जागा माहीत झाली, तर बाकीचं हळूहळू होईल.

तुमच्या गावात, मोहल्ल्यात, चाळीत अशी वाट आखून बघा. पाच थांबे पुरेत. कुणाला विचारलं, काय कळलं, कुठं अडलं, कोणी दार लावून घेतलं, सगळं आम्हाला लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या मुलीला सांगून लिहून घ्या. पुढच्या अंकातली निम्मी पानं आम्ही त्यासाठी मोकळी ठेवत आहोत. आणि पुढच्या वेळी मुंबईला याल तेव्हा घरी “मीटिंग आहे” असं सांगू नका. “शहर बघायला चालले,” असं सांगून या.

— संपादक मंडळ