घरबसल्या शिक्षण आणि त्याचीं साधनें

विद्या आतां घरबसल्या मिळते, असें आपण नित्य ऐकतों. तें खोटें नाहीं. भारत सरकारनें २०१७ सालीं ‘स्वयं’ या नांवानें ऑनलाइन अभ्यासक्रमांचें भांडार खुलें केलें. तेथील पाठ ऐकण्यास फी नाहीं. प्रमाणपत्राची परीक्षा देणारासच ती भरावी लागते. तथापि अशा शिक्षणाच्या दाराशीं एक यादी उभी असते : संगणक, इंटरनेट, कॅमेरा, मायक्रोफोन. फी माफ होते, यादी माफ होत नाहीं. सामान्य घरांत हीच खरी फी होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी होऊन शाळा बंद पडल्या, तेव्हां याचा प्रत्यय सर्वांस आला. घरांत फोन एक, आणि तोहि वडिलांबरोबर कामावर जाणारा; भावंडें दोन, आणि दोघांच्या तासाची वेळ एकच! अशा घरांतील मूल मागें पडलें तें बुद्धीच्या उणिवेनें नव्हे. बार्शीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं माढें तालुक्यांतील परितेवाडीच्या शाळेंत पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडून पाठ व कविता मुलांना ऐकविल्या, पाहावयास दिल्या. २०२० सालीं त्यांस ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालें, आणि १० लक्ष डॉलरांच्या त्या पारितोषिकांतील अर्धी रक्कम त्यांनीं इतर ९ अंतिम स्पर्धकांस वांटून दिली. आम्हांस त्यांचा अभिमान वाटतो. परंतु तो कोड वाचण्यासहि कोणाचा तरी फोन हातीं असावाच लागतो, हें विसरून चालणार नाहीं.

मग खरोखर लागतें तरी किती? पाठ ऐकण्यास साधा फोन पुरतो; परंतु निबंध लिहिणें, कोष्टकें मांडणें यांस कळफलक असलेलें यंत्र हवें. तें नवें असण्याचें कारण नाहीं. आजचा ब्राउझर सुरळीत चालेल असा जुना संगणकहि बहुतेक कामें करतो. कॅमेरा परीक्षेपुरता किंवा समोरासमोरच्या तासापुरता. इंटरनेटचा हिशेब मात्र प्रत्येकानें करावा. १ एमबीपीएस वेगानें तासभर चित्रफीत पाहिल्यास सुमारें ४५० एमबी खर्च होतात; तेंच व्याख्यान ६४ केबीपीएस वेगानें नुसतें ऐकल्यास सुमारें २९ एमबी पुरतात. छापील टिपणांस तर त्याहूनहि थोडे.

यावरून अभ्यासक्रम रचणारांस आमचें एक सांगणें आहे. १८९७ सालीं बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीस अडीच फुटी रुळांची आगगाडी आली. रूळ हलके होते, म्हणून एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरानें गाडी अशी बांधविली कीं, कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं नये. आज तो मार्ग रुंद झाला आहे. परंतु तो रुंद होईपर्यंत बार्शीकर खोळंबून राहिले नाहींत. शिक्षणाचेंहि तसेंच असावें. जेथें चित्राचें काम नाहीं तेथें आवाज द्यावा, पाठ उतरवून ठेवण्याची सोय करावी, टिपणें छापतां यावींत. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेनें पहिली ते आठवीचे पाठ इंटरनेटवांचून घरोघरीं नेले, तें याच धोरणाचें उदाहरण होय.

उरलें काम आपलें. शाळांनीं आपली संगणकाची खोली सायंकाळीं तासभर उघडी ठेवावी; कुलुपांत पडून यंत्र टिकत नाहीं, जुनें मात्र होतें. पालकांनीं प्रत्येक मुलास भारी फोन घेऊन देण्यापेक्षां सर्वांत मिळून एक संगणक घ्यावा, तो माजघरांत सर्वांच्या नजरेसमोर ठेवावा, आणि भावंडांच्या वेळा भिंतीवर लिहून लावाव्या. ज्या घरीं हें साधलें असेल त्यांनीं शेजारच्या मुलास तास दोन तास आपल्या यंत्रापाशीं बसूं द्यावें. विद्यार्थिमित्रहो, एक साधन मात्र कोणत्याहि यादींत लिहिलेलें नसतें : कोणी हजेरी घेत नसतांहि नेमानें अभ्यासास बसण्याची संवय. ती विकत मिळत नाहीं. पण ज्याच्या अंगीं ती आहे, त्याला यंत्रावांचून मागें राहूं देणें हा आपणां वडील मंडळींचा दोष ठरेल.