आमचे मरण महोत्सवात, आमचे जगणे कुठे?

गेल्या काही वर्षांत स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपटांत जातीचा विषय पुष्कळ आला. परदेशात बक्षिसे मिळाली, इंग्रजी वर्तमानपत्रांनी कौतुक केले. आम्हीही हे चित्रपट पाहिले, काही वस्तीतल्या मुलामुलींना सोबत घेऊन पाहिले. आमचे प्रश्न दोनच आहेत. कॅमेरा कुणाच्या हातात आहे? आणि पडदा कुणाच्या वस्तीत लागला आहे?

रायटिंग विथ फायर (२०२१) : रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. 'खबर लहरिया'च्या दलित महिला पत्रकार मोबाईल घेऊन पोलिसांना, पुढाऱ्यांना प्रश्न विचारतात, हे पाहून आमच्या मुलींची मान ताठ झाली. पण मार्च २०२२ मध्ये खुद्द 'खबर लहरिया'नेच निवेदन काढून सांगितले, की आमचे काम यात पूर्ण आलेले नाही. दिग्दर्शकांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण ज्या बायांनी पत्रकारितेत नाव कमावले, त्यांनाच स्वतःच्या गोष्टीवर शेवटचा शब्द मिळाला नाही. याला काय म्हणायचे?

संतोष (२०२४) : संध्या सुरी यांचा हा चित्रपट ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला, भारतात मात्र सेन्सॉर बोर्डाने अडवला. मुलीचा बाप ठाण्यात जातो आणि त्याला हाकलून लावतात, हे त्यात अगदी खरे आहे. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. आमची तक्रार वेगळी आहे. ती दलित मुलगी आपल्याला भेटते ती प्रेत म्हणूनच. तिला काय आवडायचे, तिला काय व्हायचे होते, हे फारसे कळत नाही. तरीही बंदीला आमचा ठाम विरोध आहे. आमची टीका चित्रपट पाहून होते. बोर्डाला तो कुणी पाहूच नये असे वाटते.

द डिस्क्रीट चार्म ऑफ द सवर्णाज (२०२०) : राजेश राजामणी यांचा हा लघुपट जरूर पाहा. 'दलित दिसणारा' माणूस शोधत फिरणाऱ्या सवर्ण सिनेमावाल्यांची यात यथेच्छ टर उडवली आहे. विहारात लॅपटॉपवर तो लावला तेव्हा पोरे आधी खदखदून हसली. मग अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, माझ्याकडे बघून कळतं का?" सगळे गप्प झाले. चर्चा तिथून सुरू झाली.

चैत्यभूमी (२०२३) : सोमनाथ वाघमारे यांचा माहितीपट. ६ डिसेंबर आला की काही माध्यमांना दादरची फक्त वाहतूककोंडी आणि कचरा दिसतो. पुस्तकांच्या स्टॉलवरची झुंबड आणि रात्रभर चालणारी शाहिरी त्यांना दिसत नाही. आपल्या माणसाने कॅमेरा धरला की तीच गर्दी वाचणारी, गाणारी, विचार करणारी माणसे होते. फरक महागड्या लेन्समुळे पडत नाही, बघणाऱ्यामुळे पडतो.

मग सवर्णांनी आमच्यावर चित्रपट काढूच नयेत का? जरूर काढावेत. पण आमचे अश्रू विकताना आमची बुद्धी, आमचा विनोद, आमची चळवळही दाखवा. आणि पटकथेच्या टेबलावर आम्हाला खुर्ची द्या.

आता थोडे आपल्याही पदरात. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्याला जागा नव्हती. आज मोबाईल प्रत्येक हातात आहे आणि जयंतीची वर्गणी मात्र डीजेच्या भिंतीत जाते. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात प्रोजेक्टर येतो, आणि तो वर्षानुवर्षे चालतो. विहाराची भिंत आहेच, तोच पडदा.

येत्या १४ एप्रिलला आपल्या मंडळाच्या बैठकीत हा ठराव मांडा. विरोध होईल. मांडाच.

जयभीम!