ना राजवाडा, ना मुकुट

शनिवारी संध्याकाळी भाची अचानक आमच्याकडे आली. यंदा अकरावीत आहे. त्या दिवशी तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. मैत्रिणीला तिने ‘पोट दुखतंय’ असा मेसेज केला होता आणि आईला ‘वाढदिवस रद्द झाला’ असं सांगितलं होतं. मला मात्र खरं सांगितलं.

“मावशी, सगळ्या जणी मोठ्या हॉटेलात जाणार आहेत. प्रत्येकीकडे भारीतला फोन, महागातले बूट. फोटो काढतात आणि लगेच इन्स्टाग्रामवर टाकतात. मी त्यात कशी दिसेन गं?”

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. चहा टाकला आणि तिला एक गाणं लावून दिलं. ती बालवाडीत होती तेव्हा जगभर वाजलेलं. गायिका लॉर्ड, गाणं ‘रॉयल्स’.

तुमच्यापैकी अनेकांनी ते ऐकलं असेल. पण ते लिहिलं तेव्हा लिहिणारी मुलगी आमच्या भाचीपेक्षाही लहान होती, हे कदाचित माहीत नसेल.

तिचं खरं नाव एला येलिच-ओकॉनर. जन्म १९९६चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. शहराच्या डेव्हनपोर्ट या समुद्राकाठच्या उपनगरात ती वाढली. आई कवयित्री, वडील सिव्हिल इंजिनिअर. शाळेच्या एका कार्यक्रमात गातानाचा तिचा व्हिडिओ एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाकडे पोचला आणि कोवळ्या वयातच तिच्याशी करार झाला. वेगवेगळ्या गीतकारांबरोबर तिची जोडी जमवून पाहिली, पण सूर जुळेना. मग जोएल लिटल नावाचा निर्माता भेटला आणि काम मार्गी लागलं.

२०१२च्या जुलैमध्ये तिने ‘रॉयल्स’ घरी बसून लिहिलं. साधारण अर्ध्या तासात! वय पंधरा. शाळेला सुट्टी होती, त्याच सुट्टीत लिटलच्या छोट्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड झालं.

शब्द कुठून आला, त्याची गोष्ट गमतीची आहे. ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकातला १९७६ सालचा एक फोटो तिने पाहिला होता. त्यात अमेरिकेचा बेसबॉलपटू जॉर्ज ब्रेट चाहत्यांच्या गराड्यात चेंडूंवर सह्या करतोय आणि त्याच्या शर्टावर संघाचं नाव आहे : रॉयल्स. कॅन्सस सिटीचा हा संघ. तो शब्द तिच्या मनात रुतून बसला. राजेरजवाड्यांच्या गोष्टींचं तिला आधीपासून वेड होतंच. स्वतःसाठी घेतलेलं टोपणनावही तिथलंच. ‘लॉर्ड’ हा शब्द पुरुषी वाटला, म्हणून इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी तिने एक ‘ई’ जोडला.

गाणं नीट ऐका. वाद्यांचा भरणा नाही. चुटक्या, खोल वाजणारा एक ठेका आणि एकावर एक रचलेला तिचाच आवाज. गिटार नाही, पियानो नाही. महागड्या जगाबद्दलचं गाणं, पण स्वतः किती साधे कपडे घालून आलंय!

आणि म्हणते काय? टीव्हीवर, गाण्यांत जे झगमगतं जग दिसतं, दागिने, गाड्या, विमानं, ते आम्हा मुलांच्या वाट्याला येणार नाही. आम्ही साध्या वस्तीतली माणसं. पण आमची एक वेगळी ऐट आहे, आणि खेळात का होईना, आमच्या मंडळीत राणी मीच.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती उपदेश करत नाही. पैसा वाईट, साधेपणा थोर, असं काही सांगत नाही. तिला स्वतःला ती झगमग आवडते. हिप-हॉप ती आवडीने ऐकायची आणि त्या गाण्यांतली श्रीमंती तिला भुरळही घालत होती. ‘हे मला आवडतं, आणि हे माझं नाही’ या दोन्ही गोष्टी ती एका दमात कबूल करते आणि वर हसते. आपण मोठी माणसं मुलांना फक्त दुसरी गोष्ट सांगतो. पहिली कबूल करायची त्यांना मुभाच देत नाही. मग मुलं खोटं पोट दुखवून घेतात.

दुसरी गोष्ट, गाण्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त आहे. एकट्याने हातातल्या फोनमध्ये बघत बसलं की आपल्याकडे काय नाही तेवढंच दिसतं. चार जण एकत्र बसून तेच बोलले की त्याची थट्टा होऊ शकते.

२०१२च्या नोव्हेंबरमध्ये तिने हे गाणं इतर चार गाण्यांबरोबर इंटरनेटवर फुकट ठेवलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि नऊ आठवडे तिथून हललं नाही. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. २०१४च्या जानेवारीत ‘साँग ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं, तिला आणि लिटलला मिळून. त्याच वर्षी कॅन्सस सिटी रॉयल्स बेसबॉलच्या अंतिम मालिकेत पोचले, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन रेडिओ केंद्रांनी प्रतिस्पर्धी संघाचं नाव नको म्हणून हे गाणं वाजवणंच थांबवलं. कॅन्सस सिटीच्या एका केंद्राने उत्तरादाखल ते दर तासाला वाजवलं!

टीकाही झाली. ज्या श्रीमंतीची ती थट्टा करते, तिच्या खुणा प्रामुख्याने कृष्णवर्णीय कलाकारांच्या गाण्यांतल्या आहेत, असं काहींनी म्हटलं. पिढ्यान्‌पिढ्या हलाखी सोसलेल्या समाजाने सोनं मिरवलं, तर त्याचा अर्थ वेगळा असतो. या बोलण्यात तथ्य आहे. पंधराव्या वर्षी तिला सगळं दिसलं नसेल. आपल्याला तरी त्या वयात कुठे दिसत होतं?

गाणं संपलं. भाचीने दुसऱ्यांदा लावलं. मग आमच्या मुली विचारतात तसा नेमका प्रश्न आला. “पण मावशी, आता तर तिच्याकडे सगळं असेल ना? मग हे खोटंच झालं की.”

चहाचा कप हातात घेऊन मी थोडा विचार केला. “असेलच. पण लिहिलं तेव्हा नव्हतं. तेव्हाचं तेव्हा खरं होतं. आणि पुढे ती तेच तेच गात बसली नाही. ‘मेलोड्रामा’ हा तिचा पुढचा अल्बम चार वर्षांनी आला, त्यात प्रेमभंग आहे, एकटेपणा आहे. जे जगली, ते लिहिलं.”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “मला पण ते बूट आवडतात गं. खूप.”

“मलासुद्धा,” मी म्हटलं. आणि आम्ही दोघी हसलो.

निघताना दारात तिने विचारलं, “आईला काय सांगू?”

“खरं सांग. मी फोन करू का आधी?”

“नको. मी सांगते.”

सोमवारी मैत्रिणीशी काय बोलली, ते मी विचारलेलं नाही. ताईचा मात्र त्याच रात्री फोन आला. “काय गं, कुठलं गाणं ऐकवलंस? आता मला ऐकवतेय.”

तुमच्या घरीही कुणी हल्ली कारण नसताना पोटदुखीची तक्रार करत असेल, तर लगेच ओव्याची पूड काढू नका. आधी शेजारी बसा आणि हे गाणं सोबत ऐका.