माग चालविणाऱ्याचे नाव वहीत हवे

भिवंडी-मालेगावच्या कित्येक यंत्रमाग कारखानदारांचे मूळ उत्तर प्रदेशात आहे. 1857 च्या धामधुमीनंतर तिकडचे मोमीन विणकर पोटासाठी इकडे आले व येथलेच झाले. आज त्याच मुलखातून आणि बिहारमधून आलेला कामगार त्यांच्या वारसांच्या मागावर बारा-बारा तास उभा असतो. त्याला मात्र आपण 'बाहेरचा' म्हणतो.

बाहेरचा म्हणजे काय, तर त्याचे नाव हजेरी वहीत नसते. मजुरी मीटरवर. माग बंद तर मजुरी बंद. उडालेला धोटा डोळ्याला लागला तर औषधपाणी शेठच्या मर्जीवर. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा आपण येथे काम करतो, असे सांगायला अनेकांपाशी कागदाचा चिटोरा नव्हता. नाशिक महामार्गाने माणसे पायी निघाली. पुढे टाळेबंदी उठली, तर माग चालवायला कारागीर मिळेना! नुकसान कोणाचे झाले?

कारखानदार बांधव म्हणतील, सुताचा भाव व विजेचे बिल पाहता आमचेच भागत नाही. त्यात तथ्य आहे. पण हिशेब करून पाहावा. दहा कामगार असले की राज्य कामगार विमा लागू होतो. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे महिना बारा हजार मजुरीवर 390 रुपये. कामगाराचे 90. एवढ्यात त्याच्या कुटुंबाचाही दवाखाना सुटतो. हे टाळण्यासाठी एकाच शेडमधील माग चार नावांवर दाखवायचे, ही हुशारी आता सोडलेली बरी.

1979 चा स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदाराने आणलेल्यांपुरताच होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत आपणहून आलेला, महिना अठरा हजारांपर्यंत मिळविणारा परप्रांतीयही मोडतो. असे दहाजण कामावर असतील तर त्यांना वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचे भाडे द्यावे लागते. किती मालकांना हे ठाऊक आहे?

आणि कांडी भरणाऱ्या बाया? त्या तर येथल्याच, शेजारच्या मोहल्ल्यातल्या. त्यांचीही नावे वहीत नसतात. नाव, कामावर आल्याची तारीख, मीटर किंवा कांड्या, दिलेली रक्कम आणि सही-अंगठा, एवढे लिहायला मुनीमजींना रोज पाव तास लागेल. येत्या पगारापासून लिहावे, आणि एक चिठ्ठी कामगाराच्या हातीही द्यावी.