सातवे व्रत आणि कपड्यांचे कपाट

आनंद श्रावकाची कथा जैन घरांना नवी नाही. उपासकदशांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात हा वाणिज्यग्रामचा गृहस्थ भेटतो. बारा कोटी सुवर्णमुद्रांचा तो धनी. चार कोटी ठेवीत, चार कोटी व्याजव्यवहारात आणि चार कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात, अशी त्याच्या संपत्तीची विभागणी होती. शिवाय चाळीस हजार गाई आणि पाचशे नांगरांची शेती. भगवान महावीरांपुढे श्रावकव्रते घेताना त्याने एकेका वस्तूची मर्यादा बांधली. वस्त्रांची पाळी आली तेव्हा त्याने क्षौम, म्हणजे वनस्पतीच्या तंतूंच्या वस्त्रांची एक जोडी तेवढी राखली आणि बाकी सर्व वस्त्रांचा त्याग केला.

व्याख्यानात ही कथा ऐकणारे बहुधा या त्यागापाशीच थांबतात. परंतु त्याच प्रसंगी, त्याच व्रताच्या ओघात, पंधरा कर्मादानेही सांगितली आहेत. श्रावकाने करू नयेत असे ते पंधरा धंदे. भोगोपभोग परिमाण या सातव्या व्रताला ही दोन अंगे आहेत. घरात काय आणि किती वापरावे हे पहिले, चरितार्थासाठी कोणता उद्योग करावा हे दुसरे. गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांनाही एकच व्रत बांधते. व्यापारी समाजाने हे व्रत कपड्यांच्या कपाटासमोर उभे राहून पुन्हा वाचावे, अशी आज वेळ आली आहे.

जामखेडसारख्या गावातील जैन स्वयंपाकघरात पाणी गाळल्याशिवाय भरले जात नाही, कंदमुळे येत नाहीत, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. ताटात येणारा प्रत्येक पदार्थ विवेकाच्या चाळणीतून जातो. कापडाला मात्र ही चाळणी सहसा लागत नाही. तपस्येच्या पारण्याला, दीक्षेच्या मिरवणुकीला आणि विवाहाच्या मांडवात मानाचे वस्त्र म्हणून रेशीमच निघते.

रेशमाचा हिशेब साधा आहे. कोशातील पतंग बाहेर पडला तर कोश फुटतो आणि अखंड धागा मिळत नाही. म्हणून तो बाहेर पडण्यापूर्वीच वाफेने किंवा उष्ण हवेने त्याला मारले जाते. एक किलो कच्च्या रेशमासाठी साधारण चार ते पाच हजार कोश लागतात. साडीत अर्धा किलो रेशीम असेल, तर दोन हजारांहून अधिक त्रस जीवांचा अंत त्या एका साडीच्या खात्यावर पडतो. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन उरलेल्या कोशांपासून सूत काढण्याची पद्धत रूढ केली. ‘अहिंसा रेशीम’ या नावाने ते कापड मिळते, त्याची किंमतही अधिक असते. तरी पाळीव पतंगाला उडता येत नाही, आणि त्याने घातलेल्या शेकडो अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांना तुतीचा पाला कोण देणार, हा प्रश्न उरतोच. शेजारच्या बीड जिल्ह्यात अनेक शेतकरी अवर्षणाला तोंड देत तुतीवर संसार चालवतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु नेसणाऱ्याचा नियम हा नेसणाऱ्याचाच असतो.

रेशीम सोडले म्हणजे सारे निभावले, असेही नाही. पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह व तळी आटवणे हे एक आहे. मध्य आशियातील अरल समुद्र एकेकाळी जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होता. १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी मुख्यतः कापसासाठी वळवण्यात आले. आज त्या सरोवराचा जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. जागतिक सरासरीने एक किलो सुती कापडामागे सुमारे दहा हजार लिटर पाणी खर्च होते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या तालुक्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

लाक्षावाणिज्य हेही कर्मादानच. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याखाली लाखेबरोबर नीळही घेतली आहे. रंगाच्या व्यापारातील हिंसा त्यांच्या दृष्टीतून सुटली नव्हती. जिल्ह्यातील पुष्कळ जैन कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे. त्याच मारवाडातील पाली शहराजवळून वाहणाऱ्या बांडी नदीत रंगाई-छपाईच्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे गेले. खालच्या अंगाच्या गावांतील विहिरी आणि शेते नासली. स्वस्त छापील कापडाच्या बिलात त्या विहिरींची रक्कम कधी धरली गेली नाही.

माणसाची रक्कमही अशीच सुटते. ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने लगेच बंद झाली. वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. २४ एप्रिलला इमारत कोसळली आणि १,१३४ जीव गेले. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभार लादणे आणि अन्नपाण्यापासून वंचित ठेवणे यांचा उल्लेख आहे. हे अतिचार केवळ बैलापुरते समजून चालणार नाही.

मग दोष कापडात आहे की वापरात? शास्त्राने भोग आणि उपभोग यांत भेद केला आहे. अन्न, फूल यांसारखी एकदाच वापरून संपणारी वस्तू हा भोग. घर, वस्त्र यांसारखी पुनःपुन्हा वापरायची वस्तू हा उपभोग. हळदीला पिवळा, संगीताला गुलाबी, स्वागत समारंभाला तिसराच, असा एका दिवसापुरता घेतलेला पोशाख उपभोगाचा भोग करून टाकतो. चार हजारांची साडी दोनदा नेसली तर प्रत्येक वेळेचा खर्च दोन हजार रुपये. आठशेची सुती साडी ऐंशी वेळा नेसली तर दहा रुपये. पाणी, रंग, श्रम आणि जीव यांनाही हाच भागाकार लागू पडतो. वस्त्र जितके अधिक काळ टिकते, तितका त्यामागचा आरंभ विभागला जातो.

कापडाचा व्यवहार मुळातच शोषणाचा आहे, असे मात्र नाही. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी राजधानी महेश्वरला नेल्यावर तेथे विणकर आणून वसवले. त्यांना काम दिले, आश्रय दिला. माहेश्वरी साडीची परंपरा त्यातून वाढली. ही कला खालावली तेव्हा होळकर घराण्यानेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा माग सुरू करून विणकर स्त्रियांच्या हाताला काम दिले. या साडीचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, त्यामुळे ती उलटसुलट नेसता येते आणि दीर्घकाळ चालते. आज अनेक माहेश्वरी साड्यांत रेशीम मिसळलेले असते. म्हणून घेताना शुद्ध सुती मागावी.

दुकानदार येथे रास्त शंका काढील की, गिऱ्हाईकाने कमी घेतले तर गल्ला कसा भरायचा? परंतु एकदा घालून टाकून देण्याच्या मालात मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांशी भावाची स्पर्धा तालुक्याच्या दुकानाला झेपणारी नाही. त्याची खरी पुंजी विश्वास आहे. पॉलिएस्टरला सूत म्हणून, यंत्रमागाच्या कापडाला हातमागाचे म्हणून विकणे हा तिसऱ्या व्रताचा अतिचार आहे. सरस दाखवून त्यासारखे दिसणारे निरस देणे, असे त्याचे स्वरूप. जो दुकानदार ताग्याचे खरे नाव सांगतो, हातमाग चिन्ह दाखवतो, टिकाऊ कापडाचा आग्रह धरतो, शिवणीत वाढवण्यापुरते कापड ठेवायला शिंप्याला सांगतो आणि रफूची सोय करून देतो, त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या पिढीतही तुटत नाही.

घरासाठीचा उपायही परंपरेतच आहे. रोज धारण करायच्या चौदा नियमांत ‘वत्थ’ म्हणजे वस्त्र हा एक नियम आहे. आज इतकी वस्त्रे वापरीन, अधिक नाही, एवढाच त्याचा उच्चार. येत्या चातुर्मासात कुटुंबाने हा नियम दिवसाऐवजी वर्षासाठी घ्यावा. कपाटातील वस्त्रे एकदा मोजून वहीत लिहावीत, वर्षभरात किती नवी घ्यायची तो आकडा सर्वांनी मिळून ठरवावा आणि पुढच्या संवत्सरीला ती वही उघडून पाहावी. षट्कायातील जीवांकडे क्षमा मागताना त्या वहीतील आकडे समोर असावेत.