गच्चीवरचा धडा

मे महिन्याच्या दुपारी उस्मानपुऱ्यातल्या सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. चुन्याने पांढरी केलेली गच्ची मात्र बरीच कमी तापते. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो!

पुण्यात १९२७ साली जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली घडले. १९६२ साली त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय काढले. तेथील त्यांचे ‘संगाथ’ हे कार्यालय अर्धे जमिनीत आहे. कमानदार छपरावर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे जडवले आहेत. ती इमारतच उष्णतेचा धडा आहे.

मग आम्ही शिक्षकांनी तो फळ्यावरच का संपवावा? दोन्ही गच्च्यांखालील खोल्यांचे तापमान विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे. उद्याची घरे तेच बांधणार आहेत.