कुलूप तेच, मास्तर तोच



आमच्याकडे पाहुणे मुक्कामाला आले की एक विनोद ठरलेला. "काका निघाले गस्तीवर!" गॅसचं बटण, मागच्या दाराची कडी, फाटकाचं कुलूप... एकदा बघून भागत नाही. पाच वेळा, कधी सात वेळा. मीही हसतो. पण या वयात लपवायचं कशाला? हा आजार आहे. ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. निदान निवृत्तीनंतर झालं. गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांनी शिकवलेला सरावही. शंका येऊ द्यायची, पण उठायचं नाही.

आता गंमत बघा. सकाळी सहाला फिरायला निघतो तेव्हा याच कुलपाकडे एकदा बघतो आणि चालायला लागतो. शंका तेव्हाही येते, पण कोपऱ्यापर्यंत येऊन थांबते. रात्री साडेअकरानंतर तीच शंका मला अंथरुणातून ओढून काढते. मग "मनावर ताबा ठेवा" हे सांगायचं कुणाला, सकाळच्या मास्तरला की रात्रीच्या?

शरीरात घड्याळ असतं, हे आता नवं नाही. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल त्याच विषयाला मिळालं. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात मेरेडिथ कोल्स आणि सहकाऱ्यांनी ओसीडी असलेल्या काही जणांची झोप आठवडाभर टिपली. उशिरा झोपलं की दुसऱ्या दिवशी नको त्या विचारांवर आपला ताबा कमी आहे असं त्यांना वाटे. अभ्यास लहान होता. शिवाय उलटंही असू शकतं, कड्या तपासण्यातच रात्र सरते म्हणून झोप उशिरा. माझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे, एक दुसऱ्याला ढकलत नेतं.

शाळेत होतो तेव्हा पहिली घंटा सातला. म्हणून दहाला अंथरूण. तपासणं तेव्हाही होतं, पण दोन-तीनदा. निवृत्त झालो, घंटा गेली. दुपारची झोप लांबली, रात्रीचे साडेबारा व्हायला लागले. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना! पारा पंचेचाळीसवर गेला की भिंती रात्री अकरापर्यंत तव्यासारख्या तापलेल्या. कूलर बिचारा करून करून काय करणार? लवकर झोपा म्हणणं सोपं आहे हो.

तरी सहा महिने नेटानं केलं. पहाटे उजेडात फिरणं, दुपारी फक्त वीस मिनिटं, दहाला दिवे बंद. अवघड सराव डॉक्टरांना विचारून सकाळी घेतला. बरा झालो नाही, गोळ्याही सुटल्या नाहीत. पण सातचे तीनवर आले.

आपण संयमाला संस्काराशी बांधून ठेवलंय, हीच माझी तक्रार. आणि त्यात मीही दोषी. माझ्या वर्गात एक मुलगा ओळ खोडून खोडून पुन्हा लिहायचा, पार कागद फाटेपर्यंत. शेवटच्या तासाला तर फारच. मी त्याला हट्टी म्हणालो, उभं केलं. त्याला हाच आजार होता असं आज म्हणता येणार नाही. पण त्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा, तुला थांबता येत नाही का?

असो. दिवाळीत येणाऱ्या पुतण्यांना एवढंच, पत्ते साडेनऊपर्यंत. आणि रात्री मी उठलोच, तर वाद घालू नका, हसूही नका. जे बोलायचं ते सकाळी पोह्यांवर बोलू.